बाळंतिणीचा एकच हात मोकळा असतो

बहिणीच्या बाळंतपणाची आठवी रात्र होती. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात आतली खोली तिला दिली होती. तीनच्या सुमारास मला जाग आली ती मोबाइलच्या उजेडाने. बाळ तिच्या डाव्या दंडावर पीत होतं, उजव्या हातात फोन होता, आणि चालत होता तो फक्त अंगठा. नुकतीच ती बाथरूमला जाऊन आली होती आणि रक्ताची मोठी गाठ पडलेली तिने पाहिली होती. बाळंतिणींसाठीचं एक ॲप तिने गरोदरपणातच घेऊन ठेवलं होतं, ते तिने उघडलं. ॲपने आधी मोबाइल नंबर मागितला, मग ओटीपी, मग बाळाचं नाव. बारसं अजून व्हायचं होतं, आणि नावाची चौकट रिकामी ठेवली की पुढे जाता येईना. शेवटी तिने फोन उपडा ठेवला आणि मला हाक मारली, "ताई, एवढी गाठ पडणं नेहमीचं असतं का गं?"

डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच बोलावलं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा गर्भपिशवीत राहिल्याचं दिसलं. तो काढला आणि ती बरी झाली. मी ॲपचे स्क्रीन आखायचं काम करते. त्या रात्रीपासून बाळंतिणीच्या ॲपचं काम मी मनाशी धरलं. डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि कितीतरी बाळंतिणींशी बोलून जे समजलं ते इथे साध्या शब्दांत मांडते आहे. असं ॲप कोण बनवणार असेल त्याला त्याचा उपयोग होईल, आणि घरात बाळंतीण असेल तर त्याहून जास्त होईल.

सगळ्यात आधी कळलं ते हे की बाळंतिणीला माहिती कमी पडत नाही. आई सांगते, सासू सांगते, शेजारच्या काकू सांगतात, मोबाइल तर सांगतोच. तिला हवं असतं एका प्रश्नाचं उत्तर: हे नेहमीचं आहे की नाही? नसेल तर आत्ता निघू की सकाळपर्यंत थांबू? सगळं ॲप या प्रश्नाभोवती रचायचं. बाळाचे फोटो, महिन्यांची सजावट, अंगाईगीतं नंतर बघता येतील.

त्यासाठी आधी शरीरात काय चाललेलं असतं ते पाहू. बाळंतपणानंतर लगेच गर्भपिशवीचं वजन साधारण एक किलो असतं आणि ती बेंबीपर्यंत हाताला लागते. दोन आठवड्यांत ती आक्रसून ओटीपोटात खाली उतरते, सहा आठवड्यांत जवळपास मूळच्या आकाराला येते. वार जिथे चिकटलेली होती तिथली जखम भरत असते, म्हणून अंगावरून जातं. पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग तपकिरी-गुलाबी, दहाएक दिवसांनंतर पिवळसर पांढरं. दूध पाजताना पोटात कळ येते, कारण बाळ ओढायला लागलं की पिशवी आवळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक, मग पान्हा फुटतो. गरोदरपणात भरपूर असलेली संप्रेरकं काही दिवसांत झपाट्याने खाली येतात, त्यामुळे रडू येतं, मन हळवं होतं. आपला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे ४२ दिवस जवळपास एकच आहेत. अनुभवाने आणि शास्त्राने हा काळ वेगवेगळ्या वाटेने ओळखला.

आता ॲपचा गाभा. तिने काय होतंय ते सांगायचं आणि ॲपने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: 'आत्ता निघा', 'आज दाखवा' किंवा 'असं होतं, काळजी घ्या'. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत इथेच आहे, कारण ॲप दोन प्रकारे चुकू शकतं. गरज नसताना दवाखान्यात पाठवलं तर एक फेरी, रिक्षाचे पैसे आणि घरच्यांची कुरकुर पदरात पडते. गरज असताना 'असं होतं' म्हटलं तर बाई जाऊ शकते. या दोन चुकांचं वजन सारखं नाही. म्हणून शंका असेल तिथे ॲपने एक पायरी वरचंच उत्तर द्यायचं. मात्र दर वेळी 'डॉक्टरांना भेटा' म्हणणारं ॲप चौथ्या दिवशी कोणी उघडत नाही. तेव्हा जे खरोखर नेहमीचं आहे, त्याला तितक्याच ठामपणे 'हे नेहमीचं आहे' म्हणता आलं पाहिजे. पाजताना कळ येते, पाचव्या दिवशी डोळे भरून येतात, बाळ दर दोन तासांनी मागतं. हे सगळं नेहमीचं आहे.

प्रश्न कसा विचारायचा यावर आम्ही किती कागद खर्च केले! 'तुम्हाला अतिरक्तस्राव होत आहे का?' या प्रश्नाला बहुतेक बायका 'नाही' म्हणतात, कारण 'अति' म्हणजे किती हे कोणाला ठाऊक? त्याऐवजी विचारायचं: 'तासाभरात पॅड पूर्ण भिजलं का? कापड वापरत असाल तर घडी पूर्ण भिजली का?' आणि 'कोंबडीच्या अंड्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ पडली का?' सोबत अंड्याचं चित्र. यातल्या कशालाही 'हो' आलं की उत्तर 'आत्ता निघा', आणि त्याच स्क्रीनवर १०८ चं बटण. गाठींचा प्रश्न आमच्या यादीत पहिला आहे, आणि तो तिथे का आहे हे सांगायला नको.

काही लक्षणं घरातल्या नेहमीच्या स्पष्टीकरणांखाली झाकली जातात. थंडी वाजून ताप आला की 'दूध भरल्याचा ताप आहे' म्हणतात. दूध दाटून अंग गरम होऊ शकतं, पण बाळंतिणीचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर पिशवीत, टाक्यांत किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो वेगाने पसरतो. डोकं ठणकतं तेव्हा 'जागरणाने होतंय' म्हणतात. खरं तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब एकदम चढू शकतो, गरोदरपणात कधी चढला नव्हता अशांचाही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणं अशी तक्रार असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला बीपी पाहायला हवं. उशीर झाला तर झटके येऊ शकतात. एकाच पायाची पोटरी सुजली, तापली आणि दुखू लागली तर 'फार वेळ मांडी घातली' असं म्हणतात. ती रक्तवाहिनीतली गुठळी असू शकते, आणि अशा पायाला मालिश तर अजिबात करायची नाही. ॲपमध्ये ही तीनही स्पष्टीकरणं आम्ही तशीच्या तशी लिहिली आहेत, 'घरी असं म्हणतील' या शब्दांत. घरात ऐकलेलंच वाक्य समोर दिसलं की बाई थबकून पुढचं वाचते.

बाळासाठीही अशी थोडी लक्षणं आहेत: पिणं सोडणं, मलूल पडणं, झटके, छाती आत ओढली जाणं, तळवे पिवळे होणं, अंग फार गरम किंवा गार लागणं. श्वास मोजायला आम्ही एक मोठं गोल बटण ठेवलं. बाळ शांत असताना पोट वर आलं की बटण दाबायचं. मिनिट फोन मोजतो, आणि ६० किंवा त्याहून जास्त झाले की पुन्हा एकदा मोजायला सांगतो. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर 'आत्ता निघा'.

हल्ली सगळे विचारतात, या उत्तरांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता का नाही लावत? माझं मत पक्कं आहे. 'निघू की थांबू' हे उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून सही केलेल्या ठरावीक नियमांतूनच यावं. आज एक आणि उद्या दुसरं बोलणारं यंत्र या जागी चालणार नाही. तिने बोललेलं ऐकून तिला योग्य प्रश्नापाशी नेऊन सोडायला ते तंत्र वापरा, त्याच्या पुढे नको. नियम फोनमध्येच साठवलेले असावेत, म्हणजे रेंज नसतानाही उत्तर मिळेल.

मनाचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सरासरी २२ टक्के निघालं, म्हणजे जवळपास पाचातली एक. पहिल्या आठवड्यातलं रडू यात धरत नाहीत. ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. न ओसरणारं वेगळं असतं, आणि आपल्याकडे त्याला 'उदास वाटतं' असं कोणी म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो', 'डोकं जड झालंय', 'कशात मन लागत नाही', 'बाळाकडे बघून काहीच वाटत नाही', असे शब्द येतात, आणि शेवटचं वाक्य तर कोणी मोठ्याने म्हणतच नाही.

हे ओळखायला १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिनबरो मापनी जगभर वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. साधारण १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवावं असं मानतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिचं मराठी करताना किती जपावं लागतं याचं उदाहरण म्हणजे सहावा प्रश्न. तो मुळात एका इंग्रजी वाक्प्रचारावर उभा आहे. शब्दशः आणला तर 'गोष्टी माझ्या अंगावर चढत आहेत' असं काहीतरी होतं, आणि ते वाचून बाळंतीण घाबरेल. 'सगळं माझ्या आवाक्याबाहेर चाललंय' म्हटलं की तिला कळतं. असं भाषांतर मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसून, पुन्हा तपासूनच वापरायचं असतं. इथे नुसता भाषेचा कान पुरत नाही.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' याखेरीज काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, ॲपने पुढची सगळी कामं थांबवायची. तिथे खोल श्वास घेण्याचे सल्ले नकोत. दोनच बटणं हवीत: एक १४४१६ चं, म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, जी २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. दुसरं तिने स्वतः आधीच निवडलेल्या माणसाचं. हा माणूस आम्ही पहिल्या दिवशीच विचारून ठेवतो, साध्या प्रश्नाने: 'रात्री कोणाला उठवलं तर ते रागावणार नाहीत?' बऱ्याच जणी नवऱ्याचं नाव देतात. एकीने जाऊबाईचं दिलं, दुसरीने शाळेतल्या मैत्रिणीचं.

गुणांचा आकडा आम्ही दाखवत नाही. 'तुमचे १७ गुण आले' हे वाक्य घेऊन पहाटे चारला एकटीने बसावं, असं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. शिवाय फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. सूचनेच्या पट्टीवर 'तुमची नैराश्य चाचणी बाकी आहे' असं झळकलं आणि ते सासूबाईंनी वाचलं, तर ती बाई पुन्हा कधी खरं उत्तर देणार नाही. म्हणून पट्टीवर फक्त 'आज कशा आहात?'

एक अवस्था याहूनही गंभीर आहे. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, प्रसूतीनंतरची मनोविकृती होते. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, ती विसंगत बोलते, भलतेच संशय घेते, नसलेले आवाज ऐकते. घरात म्हणतात 'बाहेरचं काहीतरी लागलंय' आणि अंगारा आणायला निघतात. हा वैद्यकीय तातडीचा प्रसंग आहे. उपचाराने ती बरी होते, पण त्या वेळी तिला स्वतःला हे कळत नसतं. म्हणूनच ॲपला दुसरं दार लागतं, घरच्यांसाठीचं: 'तिच्यात असं काही दिसतंय का?' तिच्या उत्तरांपैकी एकही या दारातून दिसत नाही. इथून फक्त विचारता येतं.

फोन कोणाचा?

गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली बाई आणि सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई एकाच जिल्ह्यात बाळंत होतात, पण त्यांचा फोन सारखा नाही. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांत मजुरीला येतात. एका आशाताईंनी मला सरळ विचारलं, "फोन त्याच्या खिशात बागेत गेला, मग तुमचं ॲप कोणाला विचारणार?" मला त्यावर उत्तर देता आलं नाही. आमचा निम्मा आराखडा बदलला तो त्या प्रश्नाने.

ॲप जिथे पोचत नाही तिथे साधा कॉल पोचतो. केंद्र सरकारची किलकारी सेवा याच समजुतीवर चालते: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक ध्वनिमुद्रित संदेश, कोणत्याही फोनवर. मुंबईतल्या आरमान संस्थेची एममित्रा सेवाही अशीच आवाजावर उभी आहे. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक वाक्याला कानाचं चित्र आहे. दाबलं की ते ऐकू येतं. आवाज मराठी असला तरी बागलाणात अहिराणी, मालेगावात उर्दू, घाटाकडे आदिवासींची कोकणी (कोकणा) बोलणाऱ्या घरांसाठी किमान धोक्याची लक्षणं त्यांच्या बोलीत हवीत. एवढं थोडं काम आहे की न करायला सबब उरत नाही.

आणि आशाताई. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू किती घटवता येतात हे दाखवलं. त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. ॲपने आपलं वेगळं वेळापत्रक काढायचं कारणच नाही. याच सहा दिवसांच्या आदल्या संध्याकाळी विचारायचं: 'उद्या ताई येतील. त्यांना काय विचारायचंय?' बोलून ठेवलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी ताईंसमोर वाजवायचा. शहरातल्या फ्लॅटमध्ये आशाताई सहसा पोचत नाहीत, तिथे हेच दिवस ॲपने स्वतः विचारपूस करून पाळायचे.

आजीशी भांडण काढायचं नाही हाही नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम जेवण, सव्वा महिना विश्रांती, यात बाळंतिणीची माया आहे आणि पोषणही. अडचण थोड्याच गोष्टींची आहे: चीक पिळून टाकणं, मध-पाणी-गुटी चाटवणं, कानात-नाकात तेल घालणं, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, आणि बंद खोलीतल्या कोळशाचा वायू जिवावर बेतू शकतो. हे सुनेच्या तोंडून गेलं तर घरात वाद होतो. म्हणून आजीसाठी वेगळी ध्वनिफीत केली, एका वयस्क परिचारिकेच्या आवाजात, "आजी, तुमच्या हाताखाली एवढी बाळं वाढली," इथून सुरू होणारी.

कायद्याचं थोडक्यात. बाळाच्या दुधाची पावडर, बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर ती बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पदार्थांना लागू आहे. ॲप फुकट द्यायचं आणि अशा कंपन्यांकडून पैसे घ्यायचे, हा रस्ता बंदच समजा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करतो. आमचा उपाय सोपा आहे: विचारूच नका. बाळंतपणाची तारीख आणि ते साधं होतं की सिझेरियन, एवढ्या दोन गोष्टींवर ॲप चालतं. बाळाचं नाव कुठेही लागत नाही.

चाचणीची एक गोष्ट सांगते. तीन किलो तांदूळ गोधडीत गुंडाळून ते गाठोडं डाव्या हातावर घ्यायचं, दिवा मालवायचा आणि अंगठ्याने ॲप चालवायचं. पहिल्याच दिवशी कळलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातलं लाल बटण अंगठ्याला पोचतच नाही. ते खाली आलं. पांढरी पार्श्वभूमी डोळ्यांवर आली आणि गोधडीवर उजेड पडला, तेव्हा रात्रीचा स्क्रीन गडद केला. मग खऱ्या बाळंतिणींच्या घरी, त्यांच्या परवानगीने गेलो. लोक विचारतात, रोज किती जणी किती वेळ वापरतात? हा आकडा इथे चुकीचा आहे. उत्तर मिळेपर्यंत किती सेकंद गेले, आणि 'आत्ता निघा' म्हटल्यावर ती खरंच निघाली का, हे मोजायचं.

सगळ्यात अवघड स्क्रीन मी शेवटी केला. काही बाळं जगत नाहीत. त्या घरात 'आज तुमचं बाळ तीन आठवड्यांचं झालं' असा संदेश वाजणं ही क्रूरता आहे, आणि ती निष्काळजीपणातून घडते. म्हणून सेटिंगच्या आत न दडवता, पहिल्याच पानावर खाली एक ओळ आहे: 'बाळ आमच्यासोबत नाही.' ती दाबली की ॲप काहीही विचारत नाही. बाळाचे सगळे संदेश त्या क्षणी थांबतात. आईचे थांबत नाहीत, कारण ती बाळंतीणच असते: तिचं अंगावरून जातं, टाके दुखतात, बीपी चढू शकतं, आणि तिला पान्हाही फुटतो. छाती दाटून आली तर काय करायचं, हे तिला तेव्हा कोणी सांगत नाही. गार कापड, आधार देणारी बॉडी, थोडंसंच दूध काढून ताण कमी करणं, ताप आला तर दाखवणं, एवढं आम्ही चार ओळींत लिहिलं. त्या चार ओळी लिहायला तीन आठवडे लागले.

बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे, आणि बाळाची पहिली मोठी लस त्याच आठवड्यात असते. घरचे सगळे बाळाला घेऊन जातात, आई बाकावर बसून राहते आणि तशीच परत येते. त्या दिवशी ॲप म्हणतं: 'लस बाळाला, तपासणी तुमची.' बीपी. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांची साखरेची चाचणी. टाके. पाळी आली नसली तरी पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून तांबी किंवा दुसऱ्या साधनाची विचारणा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू आहेत ना, हेही. नाशिक रोडच्या एका बाळंतिणीने लसीकरणाहून आल्यावर मला कार्डाचा फोटो पाठवला. बाळाच्या रकान्यात लसींची नोंद होती, आणि पान उलटून तिने बोट ठेवलं होतं ते आईच्या रकान्यावर. तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं, ११८/७६.